सहज आलो म्हटलं तर कुणाला पटेना

चिऊ,

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस म्हणून लिहितोय. म्हणजे देतेस, पण मधेच "बाबा मीटिंग आहे, नंतर करते" आणि ते नंतर रात्री साडेदहाला उगवतं, तेव्हा मी झोपलेलो असतो. त्यापेक्षा एकदाच सगळं टाईप करून पाठवतो, एका बोटाने करतोय, दोन दिवस लागलेत, त्यामुळे ऱ्हस्वदीर्घ काढत बसू नकोस. तू विचारलंस की चांगलं हॉटेलात राहायचं सोडून एवढ्या थंडीत एकेकाच्या दारात जाऊन बाबा तुम्हाला मिळालं काय. सांगतो, पण क्रमाने सांगू दे. आणि यात एक गोष्ट तुझ्याशीही संबंधित आहे, ती पुढे येईल, म्हणून अर्ध्यात सोडू नकोस.

पहिलं म्हणजे मी काही रायडर वगैरे झालेलो नाही, ते तुझ्या मित्रांना सांगून टाक. १७ वर्षं जुनी युनिकॉर्न आहे ती. नवीन चैनसॉकेट टाकलं, मागचा टायर बदलला, ऑइल बदललं, झालं. जॅकेट तूच घेऊन दिलेलं, ज्यात मी कुरिअरवाला दिसतो असं तुझी आई म्हणते. ती स्वतः येणार नाही हे पहिल्या दिवशीच सांगून मोकळी झाली, माझे गुडघे गाडीवर वाळत घालायला नाहीयेत म्हणाली, पण तिळगुळाचे सात पुडे करून दिले, प्रत्येकावर स्केचपेनने नाव. नोव्हेंबरात रिटायर झाल्यापासून मी घरात तिच्या मागेमागे फिरत होतो, त्यामुळे मी जातोय याचा तिला झालेला आनंद ती फारसा लपवत नव्हती.

११ जानेवारी, शनिवार, पहाटे साडेपाचला निघालो. नगरपर्यंत सांगण्यासारखं काही नाही, रांजणगावच्या पुढे बोटं एवढी गारठली की क्लच दाबलाय का सोडलाय ते कळेना, दोन वेळा थांबून सायलेन्सरजवळ हात शेकले. प्रवरासंगमला पुलाच्या अलीकडे चहाला थांबलो. नाथसागराचं पाणी यंदा भरपूर होतं, लांबपर्यंत नुसतं पांढरं पांढरं. तिथेच तुझा मेसेज बघितला की "बाबा समृद्धीने जा, सेफ आहे". अगं समृद्धीवर दुचाकीला येऊच देत नाहीत. चालत, सायकलवर, मोटरसायकलवर, ट्रॅक्टरवर कुणी जायचं नाही, म्हणजे त्या रस्त्याकडेच्या गावातली निम्मी माणसं बाद झाली. ते एका अर्थी बरंच झालं, कारण जालन्याच्या पुढचा जुना नागपूर रस्ता आता इतका मोकळा झालाय की मधूनमधून आपण रस्ता चुकलो की काय असं वाटतं. जालना सोडल्यावर एका ढाब्यावर मी एकटा गिऱ्हाईक. मालक समोर येऊन बसला, म्हणाला आधी रात्रभर भट्टी विझत नव्हती, आता दुपारीच झोप लागते. चहाचे पैसे घेईना.

मावशीकडे पोचलो तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले असतील. फोन केला नव्हता, तुझ्यासारखं सरप्राईज द्यायचं ठरवलं होतं. ती अंगणात तांदूळ निवडत बसलेली, मी फाटकात गाडी लावली, हेल्मेट काढलं, आणि तिने माझ्याकडे बघितलं, सूप बाजूला ठेवलं, छातीवर हात ठेवला आणि विचारलं, "कोण गेलं रे?"

अगं मला पहिल्यांदा कळलंच नाही. मी हसत म्हणतोय कुणी नाही मावशी, सहज आलो, तर तिच्या डोळ्यात पाणी, "लपवू नको लेकरा, सांग, मी खंबीर हाय." पंधरा मिनिटं लागली समजवायला. तुझ्या आईला व्हिडिओ कॉल लावून दाखवली तेव्हा विश्वास बसला. मग लगेच चेहरा बदलला, म्हणजे चिऊचं ठरलं का? पत्रिका आणलीस का? म्हटलं नाही. मग काय घर घेतलंत का, वास्तुशांत आहे का? तेही नाही. मग ती गप्प झाली. मोसंबी सोलून दिली (मावसभावाची दोन एकर बाग आहे, ड्रिपवर, यंदा फळगळ फार झाली म्हणाला), जेवायला वाढलं, सगळं केलं, पण मधूनमधून माझ्याकडे असं बघायची जसं डॉक्टर रिपोर्ट हातात घेऊन बघतात. रात्री मी अंथरुणावर पडलो तर हळूच येऊन उशाशी बसली आणि कुजबुजत विचारलं, "खरं सांग, सूनबाईसंगं भांडून आलास का?"

मी हसलो तेव्हा. पण झोप येईना म्हणून आठवायला लागलो की या घरी मी याआधी कधी आलो होतो. मावशीचे यजमान गेले तेव्हा. त्याआधी भावाच्या लग्नात. त्याआधी आजी गेली तेव्हा. मधे एकदा जालन्याला ऑफिसच्या कामाला आलो होतो तर तासभर, चपला न काढता. ३० वर्षांत चार वेळा, आणि चारही वेळा काहीतरी घडलेलं होतं. मग तिने कोण गेलं विचारलं त्यात तिचं काय चुकलं सांग.

दुसऱ्या दिवशी १२ तारीख. माझ्या लक्षातच नव्हतं की जिजाऊ जयंती आहे आणि माझा रस्ता सिंदखेडराजातून जातो. गावाच्या कितीतरी आधीपासून गाड्या लागलेल्या, भगवे फेटे, नऊवारीतल्या बायका, ट्रॅव्हल्स, टेम्पो, पायी चाललेली पोरं. रविवार पण होता, त्यामुळे विचारू नकोस. पहिल्या गिअरमधे ढकलत ढकलत दोन तास. शेवटी गाडी एका बंद दुकानाच्या ओट्याला लावली आणि म्हटलं आलोच आहोत तर बघूया, लखुजी जाधवांच्या वाड्याच्या दरवाजापर्यंत गर्दीनेच नेलं आणि गर्दीनेच परत आणलं. बाहेर पुस्तकांचे स्टॉल होते, आणि लोक खरोखर पिशव्या भरभरून पुस्तकं घेत होते. मीपण एक घेतलं, सगळ्यात पातळ, कारण तिळगुळाच्या पुड्यांनी बॅग भरलेली होती. त्यातला एक पुडा तोपर्यंत फुटला होता आणि माझे सगळे कपडे तिळाचे झाले होते.

मेहकर तालुक्यात अक्काकडे (माझी आतेबहीण गं, जिने तुला पाचवीत असताना चांदीचं पैंजण दिलं होतं आणि तू ते स्विमिंगला हरवलंस) मी पोचायच्या आधी माझी बातमी पोचली होती. मावसभावाने फॅमिली ग्रुपवर टाकलं होतं, "तो तिकडे येतोय. कारण सांगत नाहीये." तो ग्रुप मी म्यूट केलेला, त्यामुळे मला पत्ता नाही. अक्काच्या दारात मी उतरलो तर अक्का, भाऊजी, शेजारचे दोघं असे ओट्यावर उभे, आणि अक्काने मला असं सावकाश हाताला धरून आत नेलं की जणू मी काचेचा आहे. चहात साखर कमी. जेवताना "तेलकट चालतं ना तुला?" रात्री तिने मला आतला पलंग दिला आणि दोन गोधड्या. मी म्हटलं काय चाललंय हे, तर ती पदराला डोळे पुसत आत गेली. मग भाऊजींनी विचारलं, "डॉक्टरनं काही मुदत दिली का?"

म्हणजे रिटायर झालेला माणूस, एकटा, मोटरसायकलवर, एकेका नातेवाईकाला भेटत चाललाय. यांनी हिशोब लावला की मी शेवटचं भेटून घेतोय सगळ्यांना!

सकाळी भाऊजी म्हणाले चला लोणारचं सरोवर दाखवतो. मी तीन वेळा बघितलंय, त्यांनाही माहितीये, पण मला एकट्याला बाहेर काढायचं होतं त्यांना. त्यांच्या गाडीवर मागे बसून गेलो, आणि ते रस्त्याच्या मधोमध का चालवतायत ते मला तेव्हा कळेना. तुला शाळेत होतं ना ते, उल्का पडून बसाल्टच्या खडकात झालेलं विवर, सुमारे १.८ किलोमीटर रुंद. २०२० च्या जूनमधे लॉकडाऊनमधे पाणी गुलाबी झालं होतं तेव्हा तूच मला फोटो पाठवला होतास. पाणी आटून खारटपणा वाढला आणि त्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे रंग आला असं नंतर निघालं. परवा हिरवंच होतं. वरच्या काठावर बसलो, खाली मोराचा आवाज येत होता, आणि भाऊजी म्हणाले, "हं, आता इथं कोणी नाही. मनमोकळं बोला."

मी म्हटलं भाऊजी मला शप्पत काही झालेलं नाही, बीपीची एक गोळी सोडली तर. ते बराच वेळ पाण्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, मला झालंय. शुगरमुळे डाव्या डोळ्याचा पडदा गेलाय, त्या डोळ्याने आता फक्त उजेड अंधार कळतो, वर्ष झालं, अक्काला सांगितलेलं नाही कारण ती गाडी बंद करेल आणि गाडी बंद झाली की दूध संकलनाला जाणं बंद, मग मी दिवसभर ओट्यावर बसून करू काय. पोरगा पुण्यातच आहे, तुमच्यापासून सात किलोमीटरवर, त्यालाही नाही सांगितलं. तुम्हाला काऊन सांगतोय काय माहीत, म्हणाले, तुम्ही काही कामाला आलेले नाही म्हणून असंल.

येताना गाडी मी चालवली. कुणाला सांगणार नाही असं त्यांना म्हटलंय आणि तुला सांगतोय, ग्रुपवर टाकू नकोस. पण त्यांच्या पोराला मी भेटणार आहे या आठवड्यात. शब्द मोडला तर मोडला.

त्या दिवशी भोगी होती. अक्काने बाजरीची तीळ लावलेली भाकरी आणि भोगीची मिक्स भाजी केली, वांगं, ओला हरभरा, गाजर, वालाच्या शेंगा, वर लोण्याचा गोळा. माझी मुदतबिदत काही नाही हे पटल्यावर तेल आपोआप वाढलं.

आता मुख्य गोष्ट.

१४ ला संक्रांतीच्या दिवशी सकाळी निघालो आपल्या गावाला. डोणगाव, मालेगाव, शेलूबाजार, तिथून कारंज्याच्या अलीकडे आत वळायचं. शेलूबाजार सोडल्यावर थोड्या वेळाने क्लचची वायर तुटली. जवळ गॅरेज नाही, आणि पुण्याहून निघताना मी स्पेअर वायर टेबलावर काढून ठेवली ती तशीच टेबलावर राहिली होती. मग तरुणपणी करायचो तसं केलं, न्यूट्रलमधे गाडी चालू करायची, पायाने ढकलत थोडी पळवायची आणि वेग आला की धडकन पहिला गिअर मारायचा, पुढचे गिअर नुसता अ‍ॅक्सिलरेटर सोडून पडतात. फक्त थांबायचं नाही. स्पीडब्रेकर, बैलगाडी, शेळ्या, काहीही आलं तरी थांबायचं नाही. शेळ्यांनी ऐकलं नाही, दोन वेळा बंद पडली. गावच्या वेशीतून आत शिरलो ते असा हॉर्न वाजवत की पोट्टे मागे पळत आले, आणि दादाच्या (मोठ्या काकांचा मुलगा) दारात गाडी बंद पाडूनच थांबवली.

दादाने कोण गेलं विचारलं नाही. तब्येत विचारली नाही. बाजेवर बसला होता, उठला, म्हणाला, "ये." एवढंच. वहिनीने पाणी आणलं. पुढे आता स्लॅबची खोली झालीये, मागे तेच धाब्याचं घर, मी सहा वर्षांचा असेपर्यंत ज्यात झोपायचो ते. बाहत्तरच्या दुष्काळानंतर आजोबांनी माझ्या बाबांना म्हटलं होतं की या वावरात दोन चुली पेटत नाहीत, एकाने बाहेर पडा, आणि बाबा धाकटे म्हणून ते पडले, ही गोष्ट तू हजार वेळा ऐकलीयेस. तुला बोअर होते. मला पण व्हायची.

तुरीच्या ओल्या सोल्यांची भाजी, ज्वारीची भाकर, ठेचा. जेवताना दादा पावसाचं बोलला, सोयाबीनचं बोलला. सोयाबीनचा २०२४-२५ चा हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये होता आणि त्याने घरातून विकलं चार हजाराच्या खाली, कारण केंद्रावर नंबर लागेपर्यंत थांबायला पैसे नव्हते. पाच एकरात तीस क्विंटल झालं, म्हणजे किती ते तूच गुण आणि त्यातून बी, खत, फवारणी, सोंगणी, मळणी वजा कर. उरतं ते तुझ्या एका महिन्याच्या पगाराइतकं पण नसेल. मी नुसता हं हं करत होतो. पाटबंधारे खात्यात ३४ वर्षं मी लोकांच्या जमिनीच्या फायली इकडून तिकडे केल्या, पण आपल्या वावरात काय पिकतं ते मी कधी विचारलं नव्हतं.

जेवण झाल्यावर तो उठला, आतून एक प्लॅस्टिकची पिशवी आणली, बाजेवर पसरली. सातबारा, आठ अ, फेरफार, गटाचा नकाशा, सगळं ताजं काढलेलं. नकाशावर पेन्सिलीने एक रेघ मारलेली. म्हणाला, "मले ठाऊक होतं तू येशीन. तुही रिटायरमेंट कवा हाय ते मी इचारून ठेवलं होतं. तुह्या बापाच्या वाट्याले साडेपाच एकर येते. विहीर इकडच्या अंगाले हाय, तिचं कसं करायचं तेवढं सांग."

चिऊ, मला काय वाटलं ते मी लिहू शकत नाही नीट. मावशीला वाटलं कुणी मेलंय, अक्काला वाटलं मी मरतोय, ते दोन्ही मला विनोदी वाटलं होतं. दादाला वाटलं मी वाटा मागायला आलोय, आणि ते विनोदी नव्हतं कारण तो माझी वाट बघत होता, दोन महिने, पेन्सिलीने रेघ मारून. समृद्धी या भागातून गेल्यापासून शहरातले वारस परत यायला लागलेत. त्याच्या बांधाशेजारच्या वावराचं तेच झालं, मुंबईचा पुतण्या आला, संक्रांतीचा तिळगुळ दिला आणि सहा महिन्यात प्लॉट पडले. मीपण बॅगेत तिळगूळच घेऊन आलेलो.

मी म्हटलं, "दादा, सहज आलोय मी." तो हसला. चांगला नाही हसला.

आणि माझ्या अगदी ओठावर आलं होतं की सगळं तुझंच रे दादा, कुठे सही करू सांग. मला फार मोठं वाटलं असतं स्वतःबद्दल. तेवढ्यात वहिनी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "भाऊजी, ताईले इचारलं का तुम्ही?"

म्हणजे तुझ्या आत्याला. दादा वहिनीकडे बघायला लागला. ती तशीच उभी, हाताला पीठ. म्हणाली, "माह्या भावायनं एका साडीवर सही घेतली होती. चांगली होती साडी. मी कुठी म्हनते वाईट होती."

त्यानंतर कुणीच काही बोललं नाही.

मग मी रात्रभर विचार केला आणि परत आल्यावर आपल्या वकील मित्राला पण विचारलं. जमीन पणजोबांपासूनची, म्हणजे वडिलोपार्जित. ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीला जन्माने मुलाइतकाच हक्क आहे, आणि २०२० मधे सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलंय की त्या दिवशी वडील हयात असायलाच पाहिजेत असं नाही. महाराष्ट्राने १९९४ मधे आधीच कायदा केला होता पण तेव्हा ज्यांची लग्नं होऊन गेली होती त्या मुली त्यातून बाहेर होत्या, आत्याचं लग्न ८९ चं, म्हणजे ती आधी बाहेर होती, नंतर आत आली, आणि यातलं काहीच तिला कुणी सांगितलं नाही, मी सरकारी नोकर असून मीपण नाही. आणि माझ्या वाट्यात तू आहेस. सातबाऱ्यावर तुझं नाव नाही, पण तू आहेस. म्हणजे मी जे सगळं तुझंच म्हणून देऊन टाकणार होतो ते सगळं माझं नव्हतंच. हे तुझ्याशी संबंधित म्हटलं ना, ते हे.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा वावरात घेऊन गेला. तूर कापून गंजी लावलेली, कपाशीची शेवटची वेचणी चाललेली, बायका ओळीने. विहिरीत वाकून बघितलं, पाणी बरंच खाली होतं. मला तिथे काही आठवेल असं वाटलं होतं, काही आठवलं नाही, फक्त एक बोरीचं झाड ओळखीचं वाटलं तर दादा म्हणाला ते दहा वर्षांपूर्वी उगवलंय.

विहिरीच्या काठावर बसून त्याने खिशातून एक वही काढली. काकांची वही, नंतर त्याची. काय होतं त्यात सांगू? डाळ. दरवर्षी आपल्याकडे गावाहून एसटीने तुरीच्या डाळीचं पोतं यायचं आठवतं? शिवाजीनगर स्टँडवरून मी स्कूटरवर आणायचो, आजी चाळून डबे भरायची आणि अर्धी सोसायटीत वाटायची, गावची डाळ गावची डाळ करत. त्या वहीत प्रत्येक वर्ष होतं. १९७४, वीस किलो. १९७५, वीस किलो. एका वर्षी आठच किलो आणि पुढे "पाऊस नाही" असं लिहिलेलं. आपण ती भेट म्हणून खाल्ली. त्यांनी ती वाटा म्हणून पाठवली, इतकी वर्षं, न चुकता, बाबा गेल्यावर पण. काका २०२१ ला गेले त्यानंतर दोन वर्षांच्या पुढे डॅश आहे. दादा म्हणाला, "पाठोली नाही. मनलं तू फोन करशीन, काऊन नाही आली म्हणून."

मी नाही केला. चिऊ, आपल्या लक्षातच आलं नव्हतं. तुझी आई दुकानातून आणत होती.

सही मी एकच केली, त्याच्या पीककर्जाच्या संमतीपत्रावर, सामाईक खातं आहे म्हणून बँकेने ते मागितलं होतं आणि मला विचारायचा संकोच म्हणून त्याने दोन हंगाम सावकाराकडून उचललेत. बाकी त्याला म्हटलं की मी ताईला आणि चिऊला विचारून सांगतो. तो म्हणाला, "इचार. पण सांगजो लवकर, दोन वर्षं नको लावू." विश्वास ठेवला की नाही माहीत नाही. माझा पण माझ्यावर तेवढा नाहीये. तहसीलदाराकडे जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ ने सगळ्यांच्या संमतीने वाटणी होते, कोर्टात जावं लागत नाही. किंवा वाटणी न करता आपला हिस्सा त्याला कायमचा ठोक्याने, म्हणजे ठराविक खंडाने, लावून द्यायचा आणि ठोका म्हणून डाळच घ्यायची, हा एक विचार माझ्या डोक्यात आहे. आत्या म्हणाली मला पैसे नकोत पण माझं नाव राहू दे, मरेपर्यंत कुठेतरी माहेरी नाव असावं. तुझं काय ते तू सांग, पण फोनवर मीटिंगच्या मधे "बाबा देऊन टाका ना" असं नको. मार्चमधे तुझी सुट्टी आहे, दोन दिवस चल. वाटल्यास तू कार चालव. तू त्यांना शेवटची दिसलीस ती नऊ वर्षांची, वहिनीने मला विचारलं की पोट्टी आता केवढी झाली, तर मी हात वर करून खांद्याएवढा दाखवला आणि मग आठवलं की तू माझ्यापेक्षा उंच आहेस.

परतीचं विशेष काही नाही. उरलेली दोन घरं राहिली, दोन पुडे परत आले, तुझी आई चिडली. कंबर अजून दुखतेय. क्लचची वायर पुतण्याने बसवून दिली, स्प्लेंडरची आहे, जरा लांब होते म्हणून मधे वळसा घालून तारेने बांधलीये. इथला मेकॅनिक म्हणाला काका हे काय लावलंय, बदलून टाकतो. म्हटलं राहू दे, पाचशे किलोमीटर आणलंय तिने.

आणि निघताना दादाने कॅरिअरवर एक पोतं बांधलं, मी नको नको म्हणत असताना, आणि मग वही काढून त्यात लिहिलं, माझ्यासमोर. २०२५, वीस किलो. त्यातली पाच किलो तुला कुरिअर केलीये, गुरुवारपर्यंत येईल. आल्या आल्या गॅलरीत दोन दिवस चांगलं ऊन दे, पावडर लावलेली नाहीये त्याला, तशीच डब्यात भरलीस तर किडे होतील. आणि मिळाली की मला नको, दादाला फोन कर. नंबर खाली देतोय.

बाबा